सावित्रीचा पूल, आणि रोजचे आपले पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस धरला की महाडच्या पुलाचा विषय निघतो आणि त्याबरोबर प्रश्न येऊ लागतात. कुणी गणपतीला गावी निघालेलं असतं. कुणाची मुलगी रोज खाडीपूल ओलांडून कॉलेजला जाते. कुणी पेपरात धोकादायक पुलांची यादी वाचलेली असते आणि त्यात आपल्या गावचा पूल आहे की नाही, हे त्यांना कळत नाही. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सावित्री नदीवरचा पूल नेमका कधी आणि कसा पडला?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, साडेअकराच्या सुमारास. मुंबई-गोवा महामार्गावर महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवर शेजारी शेजारी दोन पूल होते. एक ब्रिटिश काळातला, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल. दुसरा २००१ चा. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या जुन्या पुलावरून जात. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की ते पाणी उतारावरून थेट महाडकडे धावतं. त्या रात्री नदीला मोठा पूर होता. जुन्या पुलाच्या कमानी एकापाठोपाठ एक ढासळल्या आणि दोन एसटी बस, जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली, पाण्यात गेल्या. त्यांच्यासोबत इतर वाहनंही गेली.

रात्र, पाऊस आणि पुलावर दिवा नाही. पुढे रस्ताच उरलेला नाही हे चालकाला कळायला वावच नव्हता. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसांना गाड्यांचे दिवे अचानक नाहीसे होताना दिसले. त्यांनी धावत जाऊन मागच्या गाड्या अडवल्या आणि पोलिसांना कळवलं. ते झालं नसतं तर आणखी गाड्या गेल्या असत्या.

२. किती माणसं गेली? प्रत्येक बातमीत आकडा वेगळा का असतो?

चाळीसच्या आसपास. आकडा बदलतो, कारण काही बातम्या फक्त सापडलेले मृतदेह मोजतात आणि काही बेपत्ता माणसंही धरतात. एसटीतल्या माणसांची नोंद तिकिटावरून आणि नातेवाइकांच्या तक्रारींवरून झाली. खासगी गाडीत कोण बसलं होतं, हे घरून कुणी विचारायला आलं तरच कळलं.

एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दलाने शोध घेतला. गाड्यांचे सांगाडे शोधायला क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून ते गढूळ पाण्यात सोडलं गेलं. पहिल्या बसचा सांगाडा सापडायला आठवड्याहून जास्त वेळ लागला. मृतदेह खाडीतून समुद्रात गेले होते, आणि एक तर पार आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला. काही माणसं कधीच सापडली नाहीत. त्यांच्या घरच्यांपुढे जो कागदोपत्री प्रश्न उभा राहतो, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. बाजूचा पूल उभा राहिला, मग जुनाच का गेला? दोघांनाही पूर एकच होता ना?

पूर एकच, पण दोन्ही पुलांची घडण वेगळी. दगडी कमानीचा पूल स्वतःच्या वजनावर उभा असतो. कमान दोन्ही बाजूंच्या खांबांना बाहेर ढकलते. शेजारची कमान उलट बाजूने ढकलते, म्हणून तोल राहतो. मधला एक खांब खचला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी आधार गमावतात, मग त्यांच्या पलीकडच्या खांबांवर एकतर्फी रेटा येतो आणि तेही जातात. म्हणून असे पूल सहसा एका गाळ्यापुरते, म्हणजे दोन खांबांमधल्या एका भागापुरते पडत नाहीत, ओळीने पडतात. हे जुन्या बांधकाम करणाऱ्यांना ठाऊक होतं. पुष्कळ लांब कमानी पुलांत ते काही गाळ्यांनंतर एक जाडजूड खांब घालत, म्हणजे पडझड तिथे थांबावी. काँक्रीटच्या गर्डर (आडव्या तुळयांच्या) पुलात प्रत्येक गाळा बराचसा स्वतंत्र असतो. त्याचा खांब खचला तर तोही पडतो, पण शेजाऱ्यांना सोबत ओढून नेईलच असं नाही.

४. जुना पूल म्हणजे धोकादायक पूल, असं धरून चालायचं का?

नाही. १९८६ च्या जुलैत पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा तो पुरता वीस वर्षांचाही नव्हता. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या, आणि ती गंज बाहेरून दिसत नाही. गुजरातेत ९ जुलै २०२५ रोजी महीसागर नदीवरचा गंभीरा पूल पडून किमान २० माणसं मेली, तो १९८५ चा. उलट शंभर वर्षांहून जुन्या कितीतरी दगडी कमानींवरून आजही रेल्वे जाते, कारण रेल्वेने त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या माणसं ठेवली आहेत.

वय विचारात घ्यायचंच, पण त्याबरोबर तीन गोष्टी विचारायच्या. पाया कशावर आहे? पाणी कुठे मुरतंय? आणि शेवटचं कुणी, कधी, नेमकं काय पाहिलं? जुन्या पुलांवर ज्या वजनाचा विचार करून बांधणी झाली त्याच्या कितीतरी पट वजन आज जातं हेही खरं. २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. पाच ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा ३७ टनांवरून साडेत्रेचाळीस टनांवर गेली. पूल मात्र तेच राहिले.

५. ब्रिटिश कंपनीने 'पुलाचं आयुष्य संपलं' असं पत्र पाठवलं होतं म्हणतात. खरं आहे का?

ही गोष्ट सावित्रीबद्दल सांगतात, तशीच आणखी कितीतरी जुन्या पुलांबद्दल सांगतात. पत्र आलं की नाही यावर वाद घालण्यात वेळ जातो आणि खरा मुद्दा बाजूला पडतो. १९४७ नंतर पूल आपले आहेत. त्यांची तपासणी कुठल्या परदेशी पत्रावर अवलंबून असणं हीच मुळात लाजेची गोष्ट ठरेल.

६. मे महिन्यात तपासणी झाली होती आणि पूल सुरक्षित ठरला होता. मग ऑगस्टमध्ये पडला कसा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तराला थोडा वेळ द्यावा लागेल.

मे २०१६ मध्ये पाहणी झाली आणि धोका आढळला नाही, हे सरकारनेच दुर्घटनेनंतर सांगितलं. ते खोटं मानायचं कारण नाही. पण त्या पाहणीत काय दिसू शकतं याचा विचार करा. पावसाळ्याआधीच्या नेहमीच्या पाहणीत अभियंता पुलावर जातो, खाली उतरतो, कठडे, सांधे, कमानीतल्या भेगा, उगवलेली झाडं, तुंबलेले पाणी-निचऱ्याचे पाइप बघतो. हे सगळं पाण्याच्या वरचं. नदीवरचे पूल जगभर ज्या कारणाने सर्वांत जास्त पडतात ते कारण पाण्याच्या खाली असतं. पायाजवळची माती, वाळू, दगड वाहून जाणं. अभियंते त्याला 'स्कावर' म्हणतात.

पुराचं पाणी खांबाच्या तोंडावर आदळतं तेव्हा त्यातलं काही सरळ खाली वळतं आणि खांबाच्या पायथ्याशी भोवरा धरतं. तो भोवरा तळ उकरतो. पूर जितका मोठा तितका खड्डा खोल, आणि सर्वांत खोल खड्डा पूर ऐन भरात असतानाच होतो. पूर ओसरू लागला की वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. म्हणजे उन्हाळ्यात कुणी नदीपात्रात उभं राहून पाहिलं तर तळ सपाट आणि छान दिसतो. खड्डा भरलेला असतो, पण भरलेली ती वाळू सैल असते. पुढच्या पुरात ती पहिल्या तासातच निघून जाते. खांब दरवर्षी थोडा थोडा उघडा पडत जातो आणि मे महिन्यात दरवर्षी ठीक दिसतो.

म्हणून नवा पूल बांधताना पाया किती खोल न्यायचा हे तळ आज कुठे दिसतो यावरून ठरवत नाहीत. पुरात तळ कुठवर खरवडला जाईल याचं गणित करतात. आपल्याकडे त्यासाठी लेसीचं सूत्र वापरतात. त्यातून सरासरी खोली काढायची, खांबाजवळ तिच्या दुप्पट खोली धरायची आणि पाया त्याच्याही खाली न्यायचा. १९२८ च्या पुलाच्या वेळी हे गणित आजसारखं केलं जात नव्हतं. कठीण खडक लागला की त्यावर पाया बसवला, असं ते काम. खडक अखंड असेल तर उत्तम. त्यात चिरा असतील तर तोही पुरात तुकड्यातुकड्यांनी उखडतो.

तेव्हा 'तपासणी झाली होती का' एवढं विचारून भागत नाही. पाण्याखालची तपासणी झाली होती का, तळाची पातळी मोजून मागच्या वर्षीच्या पातळीशी ताडून पाहिली का, हे विचारायला हवं. काम फार अवघड नाही. पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्याकडून, सोनार म्हणजे आवाजाने खोली मोजणाऱ्या यंत्राने, नाहीतर साध्या वजन बांधलेल्या दोरीने खांबाच्या चारी बाजूंची खोली घ्यायची आणि दरवर्षी एकाच वहीत लिहायची. ती वही नसेल तर सुरक्षिततेचा दाखला फक्त पाण्याच्या वरच्या अर्ध्या पुलाचा असतो.

७. 'स्ट्रक्चरल ऑडिट झालंय' म्हटलं की निश्चिंत व्हायचं का?

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल पडला. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि अहवालात किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. म्हणजे ऑडिट या शब्दावर विसंबता येत नाही.

नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेलं ऑडिट असतं. हातोडीने ठोकून, अल्ट्रासोनिक चाचणी, गंजाची विद्युत चाचणी, काँक्रीटचे गाभे काढून केलेलंही असतं. पुलावर ठरावीक वजनाचे ट्रक उभे करून तो किती वाकतो आणि वजन काढल्यावर किती सरळ होतो, हे मोजणारी भारचाचणीही असते. रस्ते आणि पुलांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत नेहमीची, मुख्य आणि विशेष अशा तपासण्यांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. मोठा पूर, भूकंप किंवा जहाज धडकल्यावर विशेष तपासणी करायची असते. अहवाल हाती आला तर आधी पाहा की यातलं काय काय केलं. मग पाहा की सुचवलेली दुरुस्ती झाली का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अहवालाबाहेर, निविदा आणि बिलांमध्ये सापडतं (प्रश्न १८).

८. पूल शंभर वर्षांतल्या पुरासाठी बांधलाय म्हणतात. म्हणजे असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येणार ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. त्याचा अर्थ असा की तेवढा पूर येण्याची शक्यता कुठल्याही एका वर्षी शंभरात एक आहे. या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी येणार नाही असं काही नाही. पन्नास वर्षं उभ्या असलेल्या पुलाला असा पूर निदान एकदा भेटण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के होते. सावित्रीच्या पुलासारखा ८८ वर्षं उभा असेल तर ती निम्म्याहून जास्त. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषांनाही हेच लागू. निळी रेषा साधारण २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. शिवाय ही गणितं जुन्या पावसाच्या नोंदींवर बसवलेली असतात आणि कोकणातला पाऊस आता थोड्या तासांत जास्त कोसळतोय.

९. आमच्या गावच्या पुलाची जबाबदारी कुणाची? तक्रार कुठे करायची?

आधी रस्ता कुणाचा ते पाहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय, पण प्रत्यक्ष काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असू शकतं किंवा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. मुंबई-गोवा महामार्गच पाहा. पनवेल ते इंदापूर प्राधिकरणाकडे आणि पुढचा भाग बांधकाम विभागाकडे, त्यामुळे एकाच रस्त्याच्या तक्रारी दोन दारांत जातात. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेचे, शहरातले महापालिका किंवा नगरपरिषदेचे. रेल्वेवरून जाणाऱ्या पुलात रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि दोन्हीकडचे चढ राज्याचे किंवा पालिकेचे. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला, तेव्हा जबाबदारी कुणाची यावर किती दिवस वाद चालला ते मुंबईकरांना आठवत असेल.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, तातडीला ११२. बाकी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पोच पुढे कामाला येते.

१०. सावित्रीनंतर खरंच काही बदललं का?

काही बदललं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला, सुमारे ३५ कोटी ७७ लाख रुपये खर्चून. निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. केंद्राने २०१६ च्या ऑक्टोबरात पुलांच्या नोंदीची देशव्यापी व्यवस्था सुरू केली. तिच्यात दीड लाखाहून जास्त पूल आणि मोऱ्या मोजल्या गेल्या, प्रत्येकाला ओळख क्रमांक मिळाला आणि स्थितीनुसार गुण मिळाले. त्याआधी देशात राष्ट्रीय महामार्गांवर नेमके किती पूल आहेत याची एकत्र यादीच नव्हती.

पण ही व्यवस्था राष्ट्रीय महामार्गांपुरती आहे. गंभीरा पूल राज्याच्या रस्त्यावर होता. कुंडमळ्याचा (प्रश्न १४) कुठल्याही महामार्गावर नव्हता. आणि १६५ दिवसांत पूल बांधता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर, वर्षानुवर्षं 'प्रस्तावित' राहिलेल्या पुलांना उशीर पैशाअभावी होतो की इच्छेअभावी, हे विचारायचा हक्क आपल्याला मिळतो.

११. पुलावर उभं असताना ट्रक गेला की पूल हलतो. घाबरायचं का?

काँक्रीटचे आणि पोलादी गर्डर पूल थोडे हलतातच. लवचीकपणा त्यांच्या घडणीत आहे. दगडी कमानीचा पूल मात्र सहसा जाणवेल असा हलत नाही. हलू लागला तर कळवा.

गर्डर पुलातही बदल महत्त्वाचा. इतकी वर्षं जितका हलायचा त्यापेक्षा जास्त हलतोय, सांध्यावर गाडी आपटतेय, पूर्वी नसलेला आवाज येतोय, असं रोज जाणाऱ्याला आधी कळतं. गंभीरा पुलाच्या हादऱ्यांबद्दल लोकांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. रोजच्या प्रवाशाचं म्हणणं 'अडाण्याचं' म्हणून बाजूला सारणं ही सर्वांत वाईट सवय आहे.

१२. अभियंता नसलेला माणूस काय पाहू शकतो?

बरंच काही. पुलाच्या टोकाला उभं राहून कठड्याच्या रेषेवरून नजर टाका. रेषा कुठे खाली बसली आहे, कुठे बाजूला सरकली आहे, ते डोळ्याला लगेच कळतं. सांध्याच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का पाहा. खालून पाहता आलं तर तांबूस डाग, उघड्या सळया, पोपडे, पिंपळ किंवा वडाची मुळं, बेअरिंगवरून (खांबावरच्या आधारावरून) सरकलेला गर्डर. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खांबाच्या पायथ्याचा असा भाग, जो पूर्वी मातीत होता आणि आता उघडा आहे. दगडाच्या रंगावरून तो ओळखू येतो. पुलाच्या आसपास वाळू उपसा चालू असेल तर तेही लिहा. नदीचा तळ उपशाने खाली गेला की पायाची खोली आपोआप कमी होते. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढून तारखेसह ठेवा.

१३. पुराचं पाणी पुलाला टेकलंय, पण पोलिसांनी अडवलेलं नाही. जायचं का?

थांबा. खेडला जगबुडी नदीने पातळी ओलांडली की पूल बंद करतात, तशी ठरलेली पातळी प्रत्येक पुलाला असतेच असं नाही, आणि असली तरी रात्री अकराला ती मोजायला माणूस असेलच असं नाही. पाणी गर्डरला किंवा कमानीच्या माथ्याला लागलं की त्याचा रेटा पुलालाच बसू लागतो, त्यात वाहून आलेली झाडं भर घालतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर प्रश्नच नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेतं.

एसटीत असाल तर चालकाला थांबायला सांगा, एकट्याने न सांगता सगळ्यांनी मिळून. वेळापत्रकाचं ओझं चालकावर असतं, पण प्रवासीच थांबा म्हणाले की त्याला थांबायला बळ मिळतं.

आणि गाडी पाण्यात गेलीच तर दार उघडायच्या नादी लागू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. पट्टा काढायचा, पहिल्या काही सेकंदांतच खिडकी खाली करायची किंवा बाजूची काच कोपऱ्यात फोडायची, मुलांना आधी बाहेर काढायचं. पुढची काच फुटत नाही.

१४. पादचारी पूल आणि साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) यांनाही हेच नियम का? त्यावरून तर गाड्या जात नाहीत.

गर्दी गाडीपेक्षा हलकी असते हा समज चुकीचा आहे. खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं दर चौरस मीटरला ४०० ते ५०० किलोपर्यंत वजन टाकतात, म्हणून पदपथाची रचना करताना हाच भार धरतात. १५ जून २०२५ ला मावळात तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार माणसं गेली. धोक्याचा फलक तिथे होता. फलकाने गर्दी थांबत नाही. पूल बंद करायचा तर दोन्ही टोकांना भिंत किंवा पक्कं गेट हवं, आणि पलीकडच्या वाडीला दुसरी वाट हवी. कोकणात साकव बंद केला की पोरांची शाळा बंद होते. म्हणून लोक फलक डावलतात. त्याचा दोष त्या लोकांवर टाकता येत नाही.

१५. पुलाच्या दुर्घटनेत भरपाई कुणाकडून मिळते?

वाटा तीन आहेत आणि एक घेतली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही. पहिली, सरकारने जाहीर केलेली मदत. दुसरी, एसटीच्या प्रवाशांसाठी महामंडळाची अपघात सहायता, जिच्यासाठी २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया घेतला जातो. म्हणून तिकीट, आरक्षणाचा संदेश, फोनवरचा व्यवहार जपून ठेवा. तिसरी, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. कलम १६६ खाली प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई मागता येते, मात्र कुणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. नव्या तरतुदीत दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा दुःखातही वकिलाला लवकर गाठा. पुलाच्या मालक विभागाविरुद्ध उच्च न्यायालयातही दाद मागता येते.

१६. माणूस बेपत्ता आहे, मृतदेह मिळाला नाही. मृत्यूचा दाखला कसा मिळणार?

सात वर्षं काहीच खबर नसेल तर मृत्यू झाल्याचं गृहीत धरता येतं, हा साक्षीच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम. पण दुर्घटनेत सात वर्षं थांबायलाच हवं असं नाही. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयानंतर बेपत्ता माणसांसाठी चौकशी करून, हरकती मागवून दाखले देण्याची खास पद्धत लावली गेली होती. कुटुंबाने बेपत्ता असल्याची पोलीस तक्रार, माणूस त्या बसमध्ये किंवा गाडीत होता याचे पुरावे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज हे तिन्ही लगेच करावं. समुद्रकिनारी सापडणाऱ्या मृतदेहांशी जुळवण्यासाठी जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाचा डीएनए नमुना दिला आहे याची खातरजमाही करा.

१७. कुणाला शिक्षा होते का?

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या कायद्यात दोनच वर्षं होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ खाली रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल नीट न करणाऱ्या यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड आहे. चाळीस माणसांच्या मृत्यूपुढे एक लाख म्हणजे काय, हे मी लिहायची गरज नाही.

अडचण अशी की सरकारी अधिकाऱ्यावर कर्तव्याबद्दल खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायची तरतूद आली आहे, आणि ती फार उपयोगाची आहे. बहुतेक प्रकरणं मात्र निलंबनावर थांबतात आणि निलंबन ही शिक्षा नव्हे. 'नैसर्गिक आपत्ती' हे कारण मान्य करायचं की नाही ते पुराच्या आकारावरून ठरू नये, तपासणीच्या वहीवरून ठरावं (प्रश्न ६). पूर माणसाच्या हातात नाही, पण त्या वहीतल्या नोंदी कुणाच्या तरी हातात होत्याच.

१८. माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं? आमच्या अर्जाला 'पूल सुस्थितीत आहे' एवढंच उत्तर आलं.

'पूल सुरक्षित आहे का' असं विचारलं की असंच उत्तर येतं, कारण ते मत आहे. कागद मागा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क दहा रुपये. पुलाचं नाव, नदी, रस्ता क्रमांक आणि किलोमीटर लिहा आणि पुढच्या गोष्टींच्या प्रती मागा: गेल्या पाच वर्षांतले पावसाळ्यापूर्वीचे आणि पावसाळ्यानंतरचे तपासणी अहवाल, पाण्याखालच्या तपासणीचा शेवटचा अहवाल, खांबांजवळच्या तळाच्या पातळ्यांची नोंद, आतापर्यंतची सर्वोच्च पूरपातळी, वाहतूक बंद करायची ठरलेली पातळी आणि ती ठरवणारा आदेश, वजनमर्यादा आणि तिचा आधार, सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी पूर्ण झालेल्या कामांची देयकं.

अहवाल उपलब्ध नाही असं लेखी आलं तरी तो कागद मोलाचा आहे. तो ग्रामसभेत वाचता येतो, जिल्हाधिकाऱ्यांना जोडता येतो, न्यायालयात दाखवता येतो. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, शुल्क वीस रुपये. पूर येऊन पाणी पुलाला लागलेलं असेल आणि जिवाचा प्रश्न असेल तर अर्जावर तसं स्पष्ट लिहा. जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहितीला ४८ तासांची मुदत आहे. अर्ज मार्चमध्ये टाकलात तर उत्तर आणि अपील दोन्ही पाऊस सुरू व्हायच्या आत हाती येतात.